एकतिसाव्या पानावरची चिठ्ठी

गुरुवारी संध्याकाळच्या बातम्यांत माझ्या पुस्तकाचं नाव आलं. ह्या घटनेची मी एकोणतीस वर्षं वाट पाहिली होती. ती खुनाच्या खटल्यात घडेल एवढंच धरलं नव्हतं.

पडद्यावर पोलिसांनी काढलेला फोटो होता. पेंगेलींच्या स्वयंपाकघरातली फळी, तिच्यावर मधाची बरणी, पाककृतींची दोन जाड पुस्तकं, आणि त्या दोघांत चेंगरलेलं, हिरव्या पाठीचं 'आपल्या टेकड्यांवरची अळंबी', लेखक एन. बॅस्कम. निवेदिकेने आडनाव चुकीचं उच्चारलं. ग्वेनने टीव्हीचा आवाज वाढवला, मी तो कमी केला, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरलो.

खटला तोवर साऱ्या मिर्रावेल गावाला पाठ झाला होता. लोइस पेंगेलीने गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी नवरा ग्रॅहम आणि नणंद मॅरियन ह्यांना अळंबी घातलेलं स्ट्यू वाढलं. पाच दिवसांत दोघंही गेले. स्वतः तिने दोन घास खाल्ले होते, ती वाचली. ॲव्हेन्यू रोडवरच्या ओकच्या झाडांखाली उगवणारी डेथ कॅप ही जहरी अळंबी त्या स्ट्यूत होती, हे कुणीच नाकारत नव्हतं. कुरणातली साधी अळंबी समजून मी ती खुडली, असं लोइस म्हणत होती. समजूनउमजून खुडली, असं सरकार म्हणत होतं. सहा आठवडे बेकरीत, बोल्स खेळायच्या क्लबात आणि न्हाव्याच्या खुर्चीत रोज निकाल लागत होता, आणि रोज वेगळा.

गुरुवारी तिची उलटतपासणी झाली. सासूबाईंचं एक जुनं पुस्तक घरात होतं, त्यातलं चित्र बघूनच अळंबी घेतली, असं ती म्हणाली. सरकारी वकील हसला. कुठलंही पुस्तक उघडलं असतं तर ह्या अळंबीने माणूस मरतो हेच वाचायला मिळालं असतं, तो म्हणाला, म्हणजे एक तर बाईंनी ते उघडलं नाही किंवा उघडून नीट वाचलं. पुस्तक कोर्टात नव्हतंच. घर आवरताना नातेवाइकांनी स्वयंपाकघरातलं सामान कचरा डेपोत टाकलं होतं. राहिला होता नुसता फोटो. फोटोतलं पुस्तक उघडता येत नाही.

ते आत काय म्हणतं हे जगात आता पाचच माणसांना आठवत असावं, आणि पाचही जण रविवारी माझ्याकडे जेवायला येणार होते. म्हणजे तिघं येणार होते. ग्वेन आणि मी तिथेच राहतो.

१९९६ साली मी गावच्या ग्रंथालयात होतो आणि स्वतःला निसर्गाभ्यासक समजत होतो. तीनशे प्रती छापल्या. एकतिसाव्या पानावर दोन चित्रं होती, वर कुरणातली अळंबी, खाली डेथ कॅप, आणि त्यांच्या खालच्या मजकुरांची अदलाबदल झाली. डेथ कॅपच्या चित्राखाली छापून आलं: 'खाण्यास उत्तम. लोण्यात परतावी.' मुद्रितं मी चार वेळा तपासली होती. चारही वेळा स्वतःच्या प्रस्तावनेतच रमलो होतो. चूक सापडली माझ्या थोरल्या बहिणीला, ऑड्रीला, तिसऱ्या आठवड्यात. तोवर एकशे बारा प्रती गावात गेल्या होत्या.

ग्रंथालयातल्या माणसाला चुकीवर एकच इलाज माहीत असतो. मी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या टाइप केल्या. 'लेखक दिलगीर आहे' की 'लेखकास खेद आहे' ह्यावर अख्खा बुधवार घालवला. मग पिठाची खळ शिजवली, छोट्या बरण्यांत भरली, आणि शनिवारी घरातल्या सगळ्यांना रस्ते वाटून दिले. घरोघरी जायचं, पुस्तक मागायचं, पान एकतीस काढून चिठ्ठी डकवायची. ॲव्हेन्यू रोड, जिथे पेंगेलींचं घर, धाकट्या भावाच्या, रॉसच्या वाट्याला आला. रॉसचं आणि थोरल्या पेंगेलीचं, म्हणजे ग्रॅहमच्या वडिलांचं, दोन वर्षं एका बैलावरून वाजलेलं होतं. त्या शनिवारी दुपारी दोन वाजता रॉसची गाडी मला पबच्या दारात उभी दिसली.

मी काही विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही, मनात धरणं आहे. पुढे एकोणतीस वर्षांत कुणी मेलं नाही, म्हणून मीही निर्धास्त झालो. आपलं पुस्तक कोणी वाचत नाही ह्याचा इतका ठोस पुरावा दुसऱ्या कुठल्या लेखकाजवळ नसेल.

रविवार ग्वेनच्या वाढदिवसाचा. आमच्याकडे येताना प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा असतो. खटला सुरू झाल्यापासून गावात त्याला एक शेपूट जोडलं गेलं होतं. ज्याने केलं त्याने सगळ्यांसमोर पहिला घास घ्यायचा. थट्टेत सुरू झालं आणि आता थट्टा कोणी करत नव्हतं.

ऑड्री चौऱ्याऐंशीची. तिने भोपळ्याचे स्कोन आणले आणि दारातच एक चावून दाखवला. रॉसने भाजलेलं कोकरू आणलं, कडेचा तुकडा कापून खाल्ला. मग बूट काढले, आणि मी गेल्या ख्रिसमसला दिलेल्या राखाडी मोज्यांत आत आला. आमची मुलगी फिलिपा शाळेत शिकवते. तिने दुकानातला केक आणला, झाकणावरची पट्टी न फाडता. कोर्टात टिकेल असा पदार्थ आहे, ती म्हणाली.

मी अळंबीचं सूप केलं होतं. ग्वेनच्या वाढदिवसाला मी दर वर्षी तेच करतो, कारण मला दुसरं काही येत नाही. ह्या वर्षी दुसरं काही शिकावं असं चार दिवस ठरवत होतो. शेवटी दुकानातून अळंब्या आणल्या. तिथल्या मुलीने पिशवी भरताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. सूपचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं, तर सगळ्यांच्या खुर्च्या बोटभर मागे सरकल्या.

कोकरू संपेपर्यंत खटला चालला. लोइसने केलं हे ऑड्रीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाई रुमाल डोळ्यांना लावते, पण घडी करून ठेवते तेव्हा तो कोरडा असतो. ऑड्री रोज दुपारी खटल्यावरचा पॉडकास्ट ऐकायची, मोठ्या आवाजात, आणि शेजारचा म्हातारा कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसायचा. रॉसचं म्हणणं उलट. जिला साधा टोस्ट न करपवता येत नाही ती खुनाचा बेत कसला आखणार. ग्रॅहम स्वतः सांगायचा, लोइसच्या हातचं खाऊन तीस वर्षं जगलो हाच चमत्कार. ह्यावर ऑड्री म्हणाली, की संपला ना शेवटी चमत्कार.

पुस्तकाचा विषय कुणी काढला नाही. नंतर रॉसने सांगितलं, की गुरुवारची बातमी त्यानेही पाहिली होती. शुक्रवार-शनिवार तो माझ्या फोनची वाट बघत होता. गाईंचं दूध काढतानासुद्धा फोन खिशात. फोन आला नाही, तेव्हा त्याला कळलं की मला काय वाटतंय, आणि ते मला फार दिवसांपासून वाटत असावं. आपण होऊन बोलायचं नाही असं त्याने गाडीतच ठरवलं. विचारू दे की तो.

इकडे स्वयंपाकघरात फिलिपाने ग्वेनला धरलं. सोमवारी वकिलांची शेवटची भाषणं होती, ज्युरी मंगळवारी निकाल ठरवायला आत बसणार होती. फिलिपाचं म्हणणं सरळ होतं. डॅडने आजच फोन करायला हवा. ग्वेन बशा विसळत राहिली. तो करणार नाही असं तिला वाटत नव्हतं. तो फोन करील, मग स्वतःला इतकं टाकून बोलेल की समोरच्याला काहीच कळणार नाही, अशी तिला भीती होती. हे तिने मला त्याच रात्री सांगितलं, आणि मला राग आला नाही, कारण ते अगदी बरोबर होतं.

केक कापायच्या आधी मी उभा राहिलो. बसूनही बोलता आलं असतं. "मला वाटतं, म्हणजे चूकही असेल माझी," मी म्हणालो, "पण बहुधा मी पोलिसांना कळवायला हवं. पान एकतीसचं."

कुणीच विचारलं नाही, कसलं पान.

ऑड्रीने काटा खाली ठेवला. "कशाला?"

"ती बाई म्हणते तिने चित्र बघितलं. चित्राखाली काय छापलंय ते तुला माहीत आहे."

"मलाच सापडलं होतं ते. तुला नाही सापडलं." ऑड्रीचा आवाज शाळेतला झाला, पस्तीस वर्षं तिने मुलांना शिकवलं होतं. "मॅरियन दर बुधवारी माझ्याकडे पत्ते खेळायला यायची, नेव्हिल. बावीस वर्षं. चौथ्या दिवशी हॉस्पिटलात तिचे डोळे पिवळे झाले होते आणि ती मला म्हणाली, बुधवार चुकणार बघ माझा. आणि तू तिला मारणाऱ्या बाईला दोर फेकतोयस."

"मारलं की नाही तेच ठरायचंय, आंटी," फिलिपा म्हणाली.

"तुमच्या शाळेत ठरायचं असेल."

एरवी ऑड्रीच्या प्रत्येक वाक्याला आडवा जाणारा रॉस ह्या वेळी तिच्या बाजूने बोलला. जाऊ दे नेव्ह, तो म्हणाला. पेपरवाले दारात येतील. आईवडिलांचं नाव आहे गावात. त्या बाईचे वकील काय झोपा काढतायत का. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या मोज्यांकडे बघत होता. मी जे एकोणतीस वर्षं धरून बसलो होतो ते मला तिथे, त्याच्या खाली घातलेल्या मानेत, पक्कं झालेलं दिसलं.

मी म्हणालो, "तू गेला नव्हतास ना तिकडे?"

एवढं बोलायला मला एकोणतीस वर्षं लागली. आणि ते मी बायकोच्या वाढदिवशी, केक मधे ठेवून बोललो.

रॉसने मान वर केली. "गेलो होतो."

"तुझी गाडी पबपाशी होती. दोन वाजता."

"दोन वाजता होती. अकराला पेंगेलीकडे होती." तो अगदी सावकाश बोलत होता, अडलेल्या गाईशी बोलतो तसा. "ग्रॅहमच्या म्हाताऱ्या आईने मला बूट काढायला लावले. पुस्तक मधाच्या बरणीमागून काढलं. पान मिटतंय म्हणून लोण्याच्या सुरीने दाबून धरलं, आणि मी चिठ्ठी डकवली. सरळ डकवली. मग तिने मला तासभर बैलावरून सुनावलं, म्हणून मी पबमध्ये गेलो. तूही गेला असतास."

त्या दिवशी संध्याकाळी आपली खळीची बरणी अर्धी भरलेली परत आली होती, असं ऑड्री हळूच म्हणाली, तुझी कशी होती रॉस? रॉस म्हणाला, त्याला आता बरणी आठवत नाही. फिलिपा म्हणाली, काका, खरं सांग, कुणी रागावणार नाही. ती त्याच्या बाजूने बोलत होती, पण त्याला ते झोंबलं. माझ्या घरात, माझ्या तोंडून निघालेल्या एका प्रश्नाने मी अख्खं टेबल भावाच्या विरोधात उभं केलं होतं. मला लोकांना पटवता येत नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलोय.

ग्वेन उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. ती रडायला गेली असं मला वाटलं. ती शेडमध्ये गेली होती. तिच्या मनात काय होतं ते तिने नंतर सांगितलं. १९९६च्या त्या रात्री रॉसचा शर्ट तिनेच धुतला होता, कारण तो आमच्याच सोफ्यावर झोपला होता, आणि बाहीला वाळलेली खळ होती. ते तिला आठवत होतं. म्हणजे चिठ्ठी डकवली गेली होती. पण फोटोतल्या फळीच्या शेजारी उभी राहून लोइसने चित्र बघितलं असेल, तर तिला चिठ्ठी का दिसली नाही? ग्वेन कोडी सोडवणारी बाई आहे. तिला उत्तर एकाच ठिकाणी मिळण्यासारखं होतं.

ती खोका घेऊन आली. न खपलेल्या एकशे अठ्ठ्याऐंशी प्रती तीन खोक्यांत आहेत, त्यांतला वरचा. त्यातल्या चिठ्ठ्या मी स्वतः डकवल्या होत्या, पट्टी लावून, कडा जुळवून. तिने केक बाजूला सारला, पहिली प्रत उचलली आणि पान एकतीस उघडलं.

चिठ्ठी नव्हती. दोन्ही चित्रं होती, आणि डेथ कॅपखाली 'खाण्यास उत्तम. लोण्यात परतावी.' कागदावर फिकट पिवळसर चौकोन उरला होता. फिलिपाने दुसरी प्रत उघडली, ऑड्रीने तिसरी. ऑड्रीच्या प्रतीतून चिठ्ठीचा कुरतडलेला अर्धा तुकडा पडला, 'लेखक दिल' एवढाच. खोक्याच्या तळाशी भुशासारखा कागदाचा चुरा होता, आणि त्यातून एक चंदेरी कसर पळत गेली आणि टेबलक्लॉथच्या घडीत शिरली.

"खळ खाल्ली त्यांनी," फिलिपा म्हणाली. "पुस्तकाला हात नाही लावला. फक्त चिठ्ठ्या."

ग्वेनने मला विचारलं, "तुरटी घातली होतीस का?"

खळ कशी करावी हे मी वीस वर्षं ग्रंथालयात नवीन येणाऱ्यांना शिकवलं. पीठ, पाणी, मंद आच, आणि शेवटी चिमूटभर तुरटी, म्हणजे कसर लागत नाही. दुकानातून डिंकाची ट्यूब आण, असं ग्वेनने त्या बुधवारी सांगितलं होतं. मी तिला वीस मिनिटं पिठाच्या खळीचा इतिहास ऐकवला. पाककृती बघितली नाही, कारण ती मला पाठ होती. आणि तुरटीचा डबा त्या आठवड्यात रिकामा होता. तो रिकामा डबा मला आत्ता, ह्या क्षणी दिसला, सिंकच्या वरच्या कपाटात, झाकण उघडं.

"नाही," मी म्हणालो.

मी रॉसकडे वळलो. माफी मागायची होती, आणि मनात मी 'दिलगीर आहे' की 'खेद आहे' हेच चाळत बसलो.

रॉसच आधी बोलला. "दर ख्रिसमसला तू सगळ्यांना पुस्तक देतोस," तो म्हणाला. "फिलिपाला, ऑड्रीला, पोस्टमनलासुद्धा. मला मोजे. मला वाटायचं, तुला मी अडाणी वाटतो. म्हणजे ते ह्याच्यामुळे होतं?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, मला वाटतं हो."

त्याने ह्यावर विचार केला. "चांगले असतात मोजे," तो म्हणाला.

फोन ऑड्रीने आणून दिला. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. तिने तो माझ्यासमोर आपटला. "त्या बाईनेच केलंय," ती म्हणाली. "मला अजून तसंच वाटतं, उद्याही वाटेल. पण चुकीचं पुस्तक बरोबर धरून कुणी तिला गुन्हेगार म्हणू नये. मॅरियनलासुद्धा ते आवडलं नसतं. पत्त्यांत ती मला चुकीच्या हिशेबावर जिंकू द्यायची नाही." मग ती खुर्चीत बसली आणि तिने रुमाल काढला. तो कोरडा नव्हता.

नंबर फिलिपाने लावला. मी पोलिसांना आधी सांगितलं, की माझा गैरसमजही असू शकेल. ग्वेनने माझ्या कोपराला चिमटा काढला. मग मी नीट सांगितलं. वर्ष, पान, वरचं चित्र, खालचं चित्र, चिठ्ठ्या, खळ. तुरटीही सांगितली. पलीकडचा माणूस टाइप करत होता, तो 'तुरटी'पाशी थांबला आणि म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना आजच कळवावं लागेल, कुणीतरी तासाभरात तुमच्याकडे येईल, आणि उद्याच तुम्हाला कदाचित कोर्टात उभं राहावं लागेल. लोइसने चित्र खरंच बघितलं होतं की नाही हे मला कधीच कळणार नाही, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, ते ज्युरीचं काम आहे, तुमचं नाही. मग त्याने विचारलं, त्याच छपाईच्या जादा प्रती कुठे मिळतील का? बऱ्याच लागतील.

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "मिळतील," मी म्हणालो. माझा आवाज अभिमानाने कापला, आणि त्याची मला लगेच लाज वाटली. दोन माणसं गेली होती.

मी फोन ठेवला. फिलिपा प्रती मोजून पिशवीत भरू लागली. सूपवर साय धरली होती.

रॉसने भांडं स्वतःकडे ओढलं, पळी घातली आणि वाटी काठोकाठ भरली.

"थांब," ऑड्री म्हणाली, "नेव्हिलने अजून चाखलं नाही."

रॉसने चमचा तोंडात घातला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याने सावकाश गिळलं, आणखी दोन चमचे खाल्ले, आणि मग वाटी माझ्यासमोर धरली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "वाढ अजून."